विभक्ती

आमच्या गावाचं नाव बिशपचं लिन.
एका उन्हाळ्यात राजाचं पत्र आलं
आणि ते राजाचं लिन झालं.
थर्कटल मास्तर म्हणाले,
“बघा पोरांनो, षष्ठी तीच आहे,
मालक तेवढा बदललाय.”
आम्ही हसलो. ते हसले नाहीत,
उठून खिडकी लावून घेतली.

तरुणपणी ते पडुआला जाऊन आले होते,
ग्रीक शिकून, खोकला घेऊन.
एका ग्रीक शब्दापायी त्यांनी दोन मित्र गमावले.
एक म्हणे, अर्थ प्रायश्चित्त.
दुसरा म्हणे, मन फिरणं.
मास्तर म्हणत, भांडू नका, मूळ पान काढू.
पान निघेपर्यंत
एकाला जाळलं होतं. दुसरा बिशप झाला होता.

तिशीत त्यांनी लॅटिनमध्ये एक चोपडी छापली,
मठातला भिक्षू आणि मठातला डोमकावळा, दोघांचा वाद.
व्याकरण कावळ्याचं शुद्ध.
लंडनपर्यंत हशा पिकला म्हणतात.

पुढे मठ मोजायला अधिकारी आले
तेव्हा त्यांच्या खोगिराच्या पिशवीत तीच चोपडी होती.
घंटा, चांदीची भांडी, छपराचं शिसं,
यादी लिहिता लिहिता
एकजण मोठ्यानं वाची, बाकीचे मांड्या थोपटत.
जाताना मास्तरांच्या दारी थांबले.
“तुम्ही आमचं काम सोपं केलंत.”
बाईंनी बिअर दिली.
मास्तरांनी पेला नुसता हातात धरला.

माझा बाप मासळीवाला.
मठातली पुस्तकं त्यानं वजनावर घेतली.
कातड्याची पानं, ओल सोसतात, हेरिंगला बरी.
त्या हिवाळ्यात अख्ख्या गावानं
संतांच्या चरित्रांत गुंडाळून मासे नेले.
माझी फी, सहा हेरिंग, घेऊन मी गेलो.
मास्तरांनी मासे बाजूला सारले,
पान मांडीवर पसरलं,
बाहीनं खवले पुसले.

अक्षर ब्रदर ऑसमंडचं.
आम्हा पोरांना भिंतीवरून नासपती टाकायचा तो,
एका डोळ्यानं अधू, नेम मात्र पक्का.
कावळ्याकडून हरलेला भिक्षू तोच,
हे गावात सगळ्यांना माहीत होतं,
त्यालाही.
मठाला कुलूप लागलं तसा तो दलदलीतून निघाला,
पायी, एलीच्या दिशेनं.
पोचला का, कोणी विचारलं नाही.

मास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं.
“चूक सांग.”
नऊ वर्षांचा होतो, सगळं घोकलेलं होतं.
स्तुती करतो आम्ही, पुढे देव द्वितीयेत हवा,
यानं चतुर्थीत घातलाय.
“मग सुधार.”
लेखणी माझ्याच हातात दिली.
मी शाईत बुडवली
आणि त्यांनी माझं मनगट धरलं.
किती वेळ, ते आठवत नाही.
एक थेंब हेरिंगच्या डोळ्याशेजारी पडला,
एवढं आठवतं.
“चतुर्थी,” ते म्हणाले. “देण्याची विभक्ती.
राहू दे.”

आता मी जकातीच्या कचेरीत लोकर मोजतो.
ग्रीक सगळं गेलं. अक्षरं ओळखतो तेवढी,
लहानपणी शेजारी राहणारी माणसं ओळखावीत तशी.
शाळेचं जुनं दप्तर आमच्याच कपाटात आहे.
राजाची शपथ, पोरवयातल्या राजाची,
मग एका राणीची, मग दुसरीची,
चारही कागदांवर ए. थर्कटल.
दर वेळी थोडं बारीक.
शेवटच्या सहीला दिवा जवळ घ्यावा लागतो.

ते गेल्यावर बाईंनी पान मला आणून दिलं.
दमट हवेत त्याला अजून वास येतो,
बायको म्हणते, फेका एकदाचं.
माझ्या धाकट्याचं लॅटिन चांगलं आहे.
परवा त्यानं ते उलगडलं,
आणि चूक लगेच पकडली.
हसला.